हळू, बाबा झोपून राहिले

भिलाईत एखादा नवीन बँड कानावर पडला की मी त्यातल्या पोरांना पहिला प्रश्न विचारते, "तुझे वडील रिटायर कधी होणार?" पोरं चक्रावतात. त्यांना वाटतं, मी विचारेन कोणाची गाणी वाजवता, गिटार कुठे शिकलास. पण मला ह्या गावाची नस ठाऊक आहे. ड्रम ठेवायला खोली लागते, ती खोली क्वार्टरमध्ये असते आणि क्वार्टर वडिलांच्या पोलाद कारखान्यातल्या नोकरीबरोबर मिळालेलं असतं. वडील रिटायर झाले की क्वार्टर सोडावं लागतं. कोणी गोंदियाला जातं, कोणी नागपूरला, कोणी थेट केरळला किंवा आंध्रात. पोरगा पुण्याला नाहीतर बंगळुरूला नोकरीला लागतो आणि बँड संपतो. ना भांडण, ना रुसवा. नुसती वडिलांची तारीख येते.

मी नेहरू नगरातल्या एका कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवते. पन्नाशीला टेकले आहे. वैशाली नगरात वडिलांनी बांधलेल्या घरात एकटी राहते. संध्याकाळी क्लास सुटला की स्कूटर काढायची आणि जिथे कोणी नवीन वाजवत असेल तिथे जाऊन बसायचं, हा माझा एकमेव शौक. हॉटेलची गच्ची, कॉलेजचं गॅदरिंग, दुर्गापूजेचा मांडव, काहीही चालतं. नातेवाइकांना हे भलतंच वाटतं. एका मावसबहिणीनं तर तोंडावर विचारलं, "पोट्ट्यायच्या गर्दीत तुले लाज नाही वाटत?" मी म्हटलं, वाटते, गर्दी नसते म्हणून वाटते. मला गाता येत नाही, वाजवता येत नाही. मला फक्त ऐकता येतं, आणि ह्या गावात नेमका त्याचाच दुष्काळ आहे.

इथे वाजवणारे ढिगानं आहेत. एका सेक्टरमध्ये तेलुगू, मल्याळी, बंगाली, पंजाबी, मराठी आणि छत्तीसगढी घरं मांडीला मांडी लावून राहतात, त्यामुळे प्रत्येक घरातून काही ना काही झिरपत असतं. पण ऐकणाऱ्यांना हवी असतात तीच ती सिनेमाची गाणी, ठोकळ्यासारखी, जशीच्या तशी. स्वतःचं गाणं म्हणतो म्हटलं की लोक मोबाईल काढतात, तेही रेकॉर्ड करायला नव्हे. मी असे कितीतरी बँड उमलताना पाहिले आणि पुण्याच्या गाडीत बसताना पाहिले. त्यांतल्या एकाचंच सांगते, कारण बाकीच्यांची हळहळ वाटते, ह्याचा राग येतो. आणि राग कोणावर काढावा तेच समजत नाही.

तो बँड मला स्टेजवर सापडलाच नाही. सेक्टर सहामध्ये एक कुटुंब आहे, म्हणजे होतं. ते मूळचे गोंदियाकडचे, आमच्या गावच्या शेजारच्या गावातले. माझ्या वडिलांनी त्यांना ह्या कारखान्यात लागायला वाट दाखवली होती, म्हणून मी त्यांना दादा म्हणत आले आणि त्यांच्या बायकोला वहिनी. दादा मिलमध्ये, तापलेलं लोखंड रुळांमधून दाबून लांब करतात तिथे. बोलणं मोठ्यानं, हसणं मोठ्यानं, टीव्हीचा आवाज गल्लीभर. फोन वाजला की "तूच बोल, मले फुरसत नाही," म्हणून वहिनींच्या हातात द्यायचे. कोणी पाठीमागून काही म्हटलं की खेकसायचे, "समोर येऊन बोल ना बे!" आम्ही म्हणायचो, मिलचा माणूस आहे, तापटच असणार.

एका दुपारी त्यांच्याकडे गेले होते. गावाहून कोणीतरी आमच्या दोन्ही घरांसाठी लाखोळीची डाळ पाठवली होती, ती द्यायची होती. वहिनींनी दार उघडलं आणि आधी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू. झोपून राहिले ते. नाईट होती."

हे वाक्य भिलाईत वाढलेल्या कोणालाही समजावून सांगावं लागत नाही. आमच्या घरी आई हेच म्हणायची, शेजारची तेलुगू बाई तिच्या भाषेत हेच म्हणायची. बाप रात्रपाळी करून आलेला असतो आणि दिवसा झोपतो, तेव्हा अख्खं घर पाय न वाजवता चालतं. वहिनी तर मोरीत जुनं पोतं अंथरून त्यावर भांडी घासायच्या, म्हणजे स्टीलचा आवाज होऊ नये. कुकरच्या शिट्ट्या दादांच्या झोपेच्या वेळी नाहीतच. नाईटच्या आठवड्यात घरात वरणभातसुद्धा पातेल्यात शिजायचा. दादांची पाळी दर आठवड्याला बदलायची आणि तिच्यामागून घराचा आवाज बदलायचा.

मी डाळीची पिशवी ठेवली आणि मला मागच्या खोलीतून काहीतरी ऐकू आलं. आधी वाटलं शेजारच्यांचा रेडिओ. पण त्यात ठेका होता, आणि तो ठेका श्वासासारखा लागत होता. मी वहिनींकडे पाहिलं. त्या कसनुशा हसल्या. "पोट्टा हाय आपला. दोघं जण येते त्याच्या संगं. आवाज नाही करत बापा, म्या सांगून ठेवलं हाय."

मी मागच्या खोलीच्या दाराशी गेले. त्यांचा मुलगा ड्रमवर गोधडी टाकून वाजवत होता, काठ्यांनी नव्हे, बोटांनी आणि मध्येच तळव्यानं. खिडकीपाशी एक लांब मल्याळी पोरगा गिटारच्या तारांना जेमतेम नखं लावत होता. आणि एक मुलगी, शेजारच्या सेक्टरमधल्या तेलुगू घरातली, भिंतीला टेकून गात होती. ओठ जवळजवळ मिटलेले. दोघांची नोकरी आणि एकाचं कॉलेज सांभाळून तिघांना दुपारचीच वेळ जमायची, आणि दुपारी ह्या घरात एक तर बाप झोपलेला असायचा नाहीतर शेजारी. मग ते असेच शिकले. मोठ्यानं वाजवायला त्यांना कधी मिळालंच नाही, आणि त्या अडचणीतून त्यांनी असं काही काढलं होतं जे मी उभ्या आयुष्यात ऐकलं नव्हतं. त्यांचं गाणं आपण वाकून, मान पुढे करून ऐकावं असं होतं.

गाण्याचे शब्द त्या मुलानंच केले होते, घरच्या बोलीत. "हळू, बाबा झोपून राहिले. भांडे हळू, पाय हळू, पाऊस आला तरी हळू." बस, एवढंच फिरून फिरून. झोपून राहिले म्हणजे आमच्याकडे झोपले आहेत. ती तेलुगू पोरगी ते इतकं आपलं करून म्हणत होती की माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. माझे वडील जाऊन वर्षं झाली, पण त्या क्षणी ते आतल्या खोलीत नाईट करून झोपलेले होते.

गाणं संपल्यावर मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला. मुलगा म्हणाला, "यंदाच, आत्या. दिवाळीच्या आधी."

त्यानंतर मी त्यांच्या मागे हात धुऊन लागले. एवढं चांगलं काही हाती लागलं की माणूस लोचट होतो. आमच्या क्लासच्या वरच्या मजल्यावर एक कॅफे आहे, तिथल्या मालकाच्या डोक्यावर बसून शनिवारची संध्याकाळ मिळवली. बँडनं पहिली ओळ म्हटली आणि पुढच्या टेबलावर कोणाचा तरी वाढदिवस निघाला. केक आला, तोंडाला क्रीम फासणं झालं, टाळ्या झाल्या. ती पोरगी मधेच थांबली, हसली, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मालक माझ्याजवळ येऊन म्हणाला, "मॅडम, थोड़ा एनर्जी वाला बोलिए ना इनको." मग गणपतीत एका मंडळाच्या मांडवात वेळ मिळाली. तिथे पुढच्या सोफ्यावर बसलेल्या साहेबांकडून गाण्याच्या फर्माइशींच्या चिठ्ठ्या यायची पद्धत आहे. पहिलं गाणं संपायच्या आत चार चिठ्ठ्या आल्या, सगळ्या सिनेमाच्या. पोरांनी चिठ्ठ्या वाचल्या आणि निमूट वायर गुंडाळायला घेतली. मी सोफ्याकडे पाहून दातओठ खात होते. मला सभ्य लोकांचा जेवढा राग येतो तेवढा गुंडांचाही येत नाही.

त्या दिवशी मांडवामागे मुलगा मला म्हणाला, "आत्या, छोड़ो ना. मले ह्या लोकायचं काही नाही. बाबांनी एकदा ऐकलं पाह्यजे, बस."

तेव्हा मला समजलं की बापानं हे गाणं ऐकलेलंच नाही. एक तर ते मिलमध्ये, नाहीतर झोपलेले. पोराच्या ड्रमला ते डबडं म्हणायचे. रिटायर झाल्यावर गोंदियाच्या घरी जायचं आणि पोरानं पुण्याला मामेभावाच्या कंपनीत लागायचं, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. पोराला एक वर्ष हवं होतं. फक्त एक वर्ष इथे राहून ही गाणी नीट रेकॉर्ड करायची, मग पुणे. माझी वरची खोली रिकामीच होती, ती मी देऊ केली. पण बापाला विचारायची छाती होत नव्हती.

"आधी ऐकू दे," तो म्हणाला. "ऐकलं ना, की मंग विचारतो. ऐकल्यावर बाबा ‘नाही’ नाही म्हणत."

मलाही तसंच वाटलं. ते गाणं त्या माणसाच्याच झोपेवर रचलेलं होतं. अख्खं घर त्याच्यासाठी कसं दबक्या पावलांनी वाढलं, ते ऐकून कोणत्या बापाचं काळीज हललं नसतं? आम्ही ठरवलं, रिटायरमेंटच्या दिवशीच, क्वार्टरसमोरच्या मांडवात, दादांना सगळ्यांत पुढे बसवून.

आमच्याकडे रिटायर होणाऱ्याला त्याचे सोबती कारखान्याच्या गेटपासून वाजतगाजत घरी आणतात. दादांच्या सोबत्यांनी धुमाल आणला होता. धुमाल म्हणजे गाडीवर चढवलेले ढोल-ताशे, बेंजो आणि माणसाच्या उंचीचे भोंगे. ती गाडी गल्लीत शिरली तेव्हा खिडक्यांच्या काचा थरथरल्या. दादा गळ्यात झेंडूचे हार, कपाळभर गुलाल, हात वर करून नाचत होते. मी त्यांना इतकं खुशीत कधी पाहिलं नव्हतं. छातीवर हात ठेवून ते सोबत्याला ओरडून सांगत होते, "इथं वाजून राहिलं बे, इथं!" वहिनी दारात आरतीचं ताट घेऊन उभ्या होत्या आणि हसत होत्या. मीही हसले, काय सांगू.

धुमाल गेला. भाषणं झाली, शाल-श्रीफळ झालं. मग पोरगा माईकपाशी आला. "ये गाना मेरे बाबा के लिए है," एवढंच बोलून तो ड्रमामागे बसला. आजही त्यानं गोधडी काढली नव्हती, कारण तीच आता त्या गाण्याचा आवाज होती. मी दादांच्या शेजारच्या खुर्चीवर बसले होते.

आणि मांडव गप्प झाला. खरंच झाला. पहिल्या ओळीलाच बायकांनी माना वर केल्या. मागे उभ्या असलेल्या एका बंगाली बाईनं पदर डोळ्यांना लावला. लहान पोरं दंगा करत होती, त्यांना कोणीतरी हातानंच दाबलं. मी महिनोन् महिने ह्या क्षणाची वाट पाहिली होती. हे लोक ऐकत होते, कारण हे त्यांच्या घरचंच वाक्य होतं.

एवढ्यात दादा माझ्याकडे झुकले आणि त्यांच्या नेहमीच्या खड्या आवाजात म्हणाले, "कावून सुरू नाही करून राहिले हे पोट्टे?"

आजूबाजूचे हसले. त्यांना वाटलं, पोरं सुरू का करत नाहीत असं विचारून दादांनी गंमत केली. मलाही क्षणभर तसंच वाटलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते गंमत करत नव्हते. ते स्टेजकडे बघत होते, त्या मुलीचे ओठ हलताना बघत होते, आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या.

"माईक बंद हाय का?" त्यांनी विचारलं.

मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हटलं, "सुरू आहे, दादा. गाणं सुरू आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्या जिवणी हलवणाऱ्या मुलीकडे, मग डोळे पुसणाऱ्या बायकांकडे, मग आपल्या पोराकडे. त्यांचा चेहरा कसा झाला ते मला सांगता येणार नाही, आणि सांगायचंही नाही. मिलमध्ये कानात घालायचे बोळे मिळायचे. दादा ते खिशात ठेवायचे, कान खाजतात म्हणून. हे ते स्वतःच हसून सांगत, आणि आम्हीही हसायचो. फोन, टीव्ही, समोर येऊन बोल, सगळं आमच्या डोळ्यांसमोर होतं आणि आम्ही त्याला तापट स्वभाव म्हणत आलो होतो.

मग त्यांनी जे केलं ते न ऐकू येण्याहून वाईट होतं. ते ऐकल्यासारखं करू लागले. चेहऱ्यावर हसू आणलं, मान डोलवली आणि गुडघ्यावर तळव्यानं ठेका धरला. तो ठेका धुमालचा होता.

पोरगा ड्रमामागून बापाकडेच पाहत होता. इतका वेळ तो कशाची तरी वाट बघत असल्यासारखा पाहत होता. मी त्याची नजर दादांच्या चेहऱ्यावरून हातावर आलेली पाहिली. तो हात भलत्याच जागी पडत होता. पोरगा ड्रमवाला आहे, त्याला दुसरं काही सांगावं लागलं नाही. त्याचे हात थांबले. मुलगी दोन ओळी एकटीच गायली आणि मग तीही थांबली. लोकांना वाटलं गाणं संपलं, त्यांनी भरपूर टाळ्या वाजवल्या. दादांनी सगळ्यांत जोरात वाजवल्या.

पोरानं उठून गोधडी काढली. नीट घडी करून खाली ठेवली. काठ्या घेतल्या आणि सिनेमाचं एक नाचाचं गाणं सुरू केलं. इतक्या जोरात वाजवताना मी त्याला कधीच ऐकलं नव्हतं, त्याला ते येतं हेही मला ठाऊक नव्हतं. दादा खुर्चीतून उठले. "हां! आता!" ते ओरडले आणि छाती बडवत नाचायला लागले. त्यांच्याबरोबर अख्खा मांडव उठला. मी बसून राहिले.

एका वर्षाचं त्यानं त्यांना विचारलंच नाही. दुसऱ्या दिवशी मी त्याला आडून विचारलं तर म्हणाला, "क्या पूछूँ, आत्या? त्यायनं ऐकलंच नाही तं विचारू कायच्या भरवशावर?" मी चिडले. म्हटलं, अरे, लिहून दाखव, ओरडून सांग, मी सांगते. तो नुसता मान हलवत राहिला. मग म्हणाला, "आमी सारे लहानपणापासून कोणासाठी हळू चाललो, आत्या?" पुढच्या आठवड्यात तो पुण्याच्या गाडीत बसला. ती मुलगी आता रायपूरच्या हॉटेलांत लग्नाच्या पार्ट्यांना गाते, मोठ्यानं गाते, छान गाते आणि मला ते ऐकवत नाही. लांब मल्याळी पोराचा पत्ता नाही. माझी वरची खोली अजून रिकामी आहे.

क्वार्टर सोडायच्या आदल्या दिवशी मी वहिनींना भेटायला गेले. सामान बांधून झालं होतं, भिंतींवर फोटोंच्या जागा पांढऱ्या दिसत होत्या. वहिनींनी दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"हळू," त्या कुजबुजल्या. "झोपून राहिले ते."

मग त्यांचं त्यांनाच आठवलं. बोट तसंच ओठांवर राहिलं.

त्या वळून मोरीकडे गेल्या. भांडी घासायची राहिली होती. खाली ते जुनं पोतं होतंच. त्यांनी ते ओढून काढलं, कोपऱ्यात भिरकावलं, आणि बसून घासायला लागल्या. आधी वाट्या, मग ताटं. मग मोठं पातेलं घेतलं, दोन्ही हातांनी वर उचललं आणि फरशीवर आपटलं. माझ्या कानठळ्या बसल्या. शेजारच्या क्वार्टरमधून कोणीतरी खिडकीत आलं. वहिनींनी पातेलं पुन्हा उचललं आणि पुन्हा आपटलं, आणि आपटताना त्यांची नजर आतल्या खोलीच्या उघड्या दारातून खाटेवर लागलेली होती.

दादा भिंतीकडे तोंड करून झोपले होते. त्यांनी कूससुद्धा बदलली नाही.